वारसनोंद

17 ऑक्टोबर 2023, नवरात्रातली तिसरी माळ. काष्टीच्या घरात ओसरीवर बसून मी आणि माझा जोडीदार मोबाईलवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऐकत होतो. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला सरकारनं मान्यता द्यावी, असं सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणाले, तेव्हा त्यानं माझा हात घट्ट धरला. मग न्यायमूर्ती भट वाचू लागले आणि कळलं, चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात आहेत. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर तर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. कायदा करायचा तर तो संसदेनं.

घटाला पाणी घालून आई बाहेर आली. "काय म्हणाले रे?"

"नाही म्हणाले."

"मग ह्या पोराचं काय?"

तिला बरोबर कळलं होतं. धारा काढण्यापासून कांद्याच्या लागणीपर्यंत या रानात त्याचा घाम आहे. ठिबकच्या कर्जाचे हप्ते त्याच्या पगारातून फिटले. सातबारा मात्र माझ्या एकट्याच्या नावावर. उद्या मी गेलो तर हिंदू वारसा कायद्यानं जमीन आईची, आई नसेल तर भावंडांची. तलाठ्याकडे वारसनोंद लागताना त्याला कुणी बोलावणारही नाही. लग्नाच्या बायकोला वारस ठरायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. मला वरात नको होती, एवढंच हवं होतं.

म्हणून मी मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन नोंदवलंही. भाऊ म्हणाला, "रक्ताची माणसं सोडून?" मृत्युपत्राला कोर्टात आव्हान देता येतं, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. त्या भीतीनं अजून झोप उडते.

2024 मध्ये केंद्रानं थोडं दिलं: रेशनकार्डासाठी अशी जोडपी एकच कुटुंब धरावीत, बँकेत जोडखातं काढता यावं, नॉमिनी लावता यावा. जोडखातं आम्ही लगेच काढलं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसा हाती येतो, मालकी वारसांचीच राहते. 9 जानेवारी 2025 ला त्या निकालावरच्या फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. आता उरली संसद.

आमच्याकडं मतं मागायला येणाऱ्यांना लोक उसाचा दर आणि कॅनॉलचं आवर्तन विचारतात. पुढच्या वेळी मी हा कायदाही विचारणार आहे. आई म्हणते, "तू गप बस, मी विचारते. मला कोण उठवून लावतंय बघू."