मिठीकाठचे शाहीर

मुंबईला मिठी नदीची आठवण येते ती फक्त पावसाळ्यात. एरवी तिच्या पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात आणि फोनमध्ये मान घालतात. विहार तलावाच्या सांडव्यावरून ती निघते, आरेच्या झाडीला लागून खाली उतरते, मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांमागून विमानतळाच्या पोटाखाली शिरते, कुर्ल्यात येते, बीकेसीच्या काचेच्या इमारतींना वळसा घालते आणि धारावीला खेटून माहीमच्या खाडीत संपते. सगळा मिळून सुमारे 18 किलोमीटरचा प्रवास. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या नदीनं आपली जुनी हद्द लोकांच्या घराघरात शिरून दाखवून दिली.

मला मात्र मिठी आठवते ती एका भलत्याच वादामुळे. मुंबईचा सगळ्यात मोठा रॅपर कोण? हा वाद कुठंही, कितीही वेळ चालू शकतो. ज्या शहरानं गावसकर मोठा की तेंडुलकर यावर उभ्या पिढ्या भांडत घालवल्या, त्याला नवा विषय मिळाला एवढंच. पण या वादात नाव घेतलं की त्यापाठोपाठ पत्ता येतो, आणि ते पत्ते नकाशावर शोधू लागलं की बोट पुन्हा पुन्हा मिठीच्या आसपास येऊन थांबतं.

पत्ता म्हणजे पिनकोडचे शेवटचे दोन आकडे. 59 म्हटलं की अंधेरी पूर्वेचं जे. बी. नगर, म्हणजे डिव्हाइन. 70 म्हटलं की कुर्ला, म्हणजे नेझी. 17 म्हटलं की धारावी, म्हणजे एमसी अल्ताफ आणि त्याच्यासारखे कितीतरी. टपाल खात्यानं पत्रांच्या वाटणीसाठी दिलेले हे आकडे या मुलांनी छातीवर बिल्ल्यासारखे मिरवले. नेझीवर 2014 साली निघालेल्या माहितीपटाचं नाव 'बॉम्बे 70'. अल्ताफच्या 2019 सालच्या गाण्याचं नाव 'कोड मुंबई 17'. ज्या वस्तीचं नाव नोकरीच्या अर्जावर लिहिताना थोरली भावंडं बिचकायची, तीच वस्ती धाकट्यांनी गाण्याच्या मथळ्यात ठणकावून लिहिली. या संगीतानं शहरात काय बदललं असं कुणी विचारलं, तर मी आधी हे सांगतो.

माझा भाचा आणि त्याचे मित्र कुर्ल्यात एका टपरीवर हा वाद घालतात. डोक्यावरून विमानं इतकी खाली उतरत असतात की दर काही मिनिटांनी वाक्य अर्ध्यावर सोडावं लागतं. विमान गेलं की वाद जिथं तुटला होता तिथूनच पुढं सुरू होतो. मी कटिंग घेऊन कडेला उभा राहतो. मला त्यांच्या निकालापेक्षा त्यांची मोजपट्टी ऐकायला आवडते, कारण ती दर पाच मिनिटांनी बदलते.

एक म्हणतो, आकडे बघ ना. यूट्यूबवर कोण किती चाललं ते बघ. त्याचा माणूस एमिवे बंटाय, म्हणजे बिलाल शेख. कंपनीच्या दारात उभं न राहता, स्वतःच्या चॅनलवर एकामागून एक गाणी टाकत यानं आपला प्रेक्षक जमवला. 2018 साली दिल्लीकडच्या रफ्तारशी त्याचं वाजलं आणि दोघांनी एकमेकांवर गाण्यांतून जी आतषबाजी केली, ती पोरांनी कसोटी सामन्यासारखी पाहिली. पुढच्या वर्षी 'मचाएंगे' आलं आणि लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं. त्याचा वेग अफाट आहे. शब्द जिभेवरून असे सटासट सुटतात की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो.

दुसरा लगेच तोंड वाकडं करतो. फास्ट बोलणं म्हणजे रॅप नाही भाई, बोलायला काहीतरी पाहिजे. तो नेझीचा भक्त. नावेद शेख हा कुर्ल्याचा मुलगा. वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर त्यानं 'आफत' रेकॉर्ड केलं, त्याच आयपॅडवर चित्रण केलं आणि 2014 च्या सुरुवातीला ते लोकांसमोर ठेवलं. ना स्टुडिओ, ना दिवे, ना नाचणाऱ्या बायका. मागं वस्ती आणि पुढं एक बारीक अंगाचा मुलगा, ज्याला थांबवणं कुणाला शक्य नाही असं वाटावं. उर्दूचा लहेजा, कुर्ल्याची बोली आणि अंगात मावत नसलेली घाई. नंतर तो काही काळ गप्प राहिला, 2020 साली 'मगरेब' हा अल्बम घेऊन परतला. त्याच्या भक्तांना त्याचं हे गप्प राहणंही मोठेपणाचं लक्षण वाटतं.

तिसरा काही बोलत नाही, नुसता फोनवर 'मेरे गली में' लावतो. 2015 सालचं हे गाणं डिव्हाइन आणि नेझी या दोघांचं. बीट दिल्लीच्या सेझ या संगीतनिर्मात्याचा, हवा मात्र सगळी इथली. दोन आवाज एकमेकांना टाळी देत पुढं जातात. एक जड, खरखरीत, पाय रोवून उभा राहणारा, दुसरा पातळ, धारदार, सतत उड्या मारणारा. गाणं संपेपर्यंत टपरीवर कुणी वाद घालत नाही. संपलं की पहिला प्रश्न हाच असतो, यात भारी कोण?

मग वगळावगळी सुरू होते, आणि तीही ऐकण्यासारखी असते. एमसी स्टॅनचं नाव कुणी काढलं की चौघं एकदम ओरडतात, तो पुण्याचा! ताडीवाला रोडवरचा हा मुलगा 2023 साली 'बिग बॉस' जिंकून घराघरात गेला, पण मुंबईच्या यादीत त्याला जागा नाही. पुणेकरांनाही तो मुंबईच्या खात्यात गेलेला चालणार नाही. मग डी एमसीचं काय? दीपा उन्नीकृष्णन कल्याणची. कल्याण मुंबईत धरायचं की नाही? इथं टपरीचे दोन गट पडतात. माझं मत विचारलं तर रोज पहाटेची लोकल पकडून जे लाखो लोक हे शहर चालवतात, त्यांना कवितेपुरतंही बाहेर ठेवणं हा कृतघ्नपणा आहे. डी एमसी मुंबईचीच. आणि मराठी, हिंदी, तमिळ, कन्नड, इंग्रजी अशा भाषांत मिळून गाणाऱ्या 'वाइल्ड वाइल्ड विमेन' या मुलींच्या गटाचं नाव टपरीवर आपणहून कुणी घेत नाही, यात त्या टपरीचं अपुरेपण आहे, त्या मुलींचं नाही.

'गली बॉय'चा विषय तर टाळूनही टळत नाही. 14 फेब्रुवारी 2019 ला झोया अख्तरचा हा सिनेमा आला. पुढच्या वर्षी त्यानं 13 फिल्मफेअर पारितोषिकं नेली. डिव्हाइन आणि नेझी यांच्या आयुष्यांवरून तो सुचलेला, पण पडद्यावर कुर्ल्याची आणि जे. बी. नगरची गोष्ट धारावीत जाऊन राहिली. कारण जगाला मुंबईची गरिबी दाखवायची तर धारावीच लागते. धारावीकरांना मात्र आपली गोष्ट सांगायला कुणाच्या कॅमेऱ्याची वाट बघायची गरज नव्हती. 'डोपॅडेलिक्स'ची पोरं त्याआधीपासून गात होती. पोलिसांच्या जाचावर त्यांनी जे गाणं केलं त्याचं नावच अस्सल मराठी आहे, 'आई शपथ साहेब मी नव्हतो'. रजनीकांतच्या 'काला' या 2018 सालच्या सिनेमातही त्यांचा आवाज आहे. 'सेवन बंटाईज'ची पोरं एकाच गाण्यात हिंदीतून तमिळमध्ये आणि तिथून मराठीत अशी ये-जा करतात, जसं त्यांच्या गल्लीतलं कुठलंही भांडण करतं.

धारावी म्हटलं की माझं मन मात्र आणखी मागं जातं. धारावीला लागूनच माटुंगा लेबर कॅम्प आहे. वाटेगावहून पायी मुंबई गाठलेल्या अण्णा भाऊ साठ्यांची शाहिरी याच वस्तीत घडली. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, मैदानात डफ कडाडला की माणसं गोळा व्हायची. हातात डफ, तोंडात कालपरवाची बातमी आणि समोर घामेजलेली माणसं. 'माझी मैना गावावर राहिली' या छकडीत अण्णा भाऊंनी या शहराची श्रीमंती आणि कष्टकऱ्याची ताटातूट एका दमात मांडली आणि तिला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी नेऊन भिडवलं. त्याच्याही आधीपासून आपल्याकडं कलगी-तुऱ्याचे फड रंगत आलेत. एका शाहिरानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं कवनातून उत्तर द्यायचं, हरला तर सभेसमोर मान खाली घालायची. आजची पोरं वर्तुळ करून उभी राहतात, कुणीतरी तोंडानं बीट धरतो आणि एकेक जण आत येऊन आपली चार कडवी टाकतो, तेव्हा मला कुठल्याही परदेशाची आठवण होत नाही. ब्रॉन्क्समध्ये जन्मलेली ही कला इथं आली तेव्हा तिला बसायला पाट आधीच मांडलेला होता.

हा धागा जाणीवपूर्वक हातात घेतला तो 'स्वदेसी' या गटानं. त्यांच्यातला एमसी मवाली मराठी-हिंदीत गातो, तोडफोड गुजरातीत गायचा. 2019 साली आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन त्यांनी 'द वारली रिव्हॉल्ट' केलं. जंगल, जमीन आणि तिच्यावरून उठवली जाणारी माणसं हा त्याचा विषय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात पाडली गेली. मिठी जिथून शहरात उतरते, त्या जंगलाची बाजू या शहरातून इतक्या खणखणीतपणे क्वचितच कुणी गाण्यात मांडली असेल. तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च 2022 मध्ये गेला. वय अवघं 24. टपरीवरच्या यादीत तो नसतो, कारण यादी करणाऱ्यांना भरलेली कारकीर्द लागते. पण गुजरातीसारखी भाषा, जिला आपण दुकानाच्या गल्ल्यावर आणि गरब्यात ठेवून दिली होती, तिच्यातून एवढा संताप आणि एवढी लय निघू शकते हे त्यानं दाखवलं. हे काम पुरं झालेलं आहे, भले आयुष्य अर्ध्यावर राहिलं.

"मामा, नुसता ऐकू नकोस, तू सांग," भाचा शेवटी म्हणतोच. आणि मग मला माझी मोजपट्टी काढावी लागते.

शाहीर एकटा कधीच नसतो. त्याच्यामागं झीलकरी उभे असतात. तो ओळ टाकतो, ते उचलतात आणि तेवढ्या वेळात तो पुढच्या ओळीचा श्वास घेतो. फडातला मोठा शाहीर कोण हे ठरवताना त्याचा गळा आणि त्याची बुद्धी तर बघावीच, पण त्याच्यामागं उभ्या राहिलेल्या किती जणांनी पुढं स्वतःचा फड काढला हेही बघावं. वेग सरावानं येतो. आकडे आज आहेत, उद्या दुसऱ्याचे होतात. आपल्या गल्लीला बोलतं करून ती इतरांसाठी वाहती ठेवणं हे काम मात्र फार थोड्यांना जमतं.

या मापानं मोजलं तर माझा पहिला क्रमांक डिव्हाइनचा. व्हिव्हियन फर्नांडिस हे त्याचं नाव. 2013 साली 'ये मेरा बॉम्बे' करताना तो इंग्रजी सोडून गल्लीच्या हिंदीकडं वळला आणि त्या वळणावरूनच पुढच्या पोरांचा रस्ता गेला. 2016 सालचं 'जंगली शेर' त्याच्याच वस्तीत आयफोनवर चित्रित झालं. 'कोहिनूर', 'पुण्य पाप', 'गुनहगार' या अल्बमांमधून त्याचं यश वाढत गेलं. त्यासोबत त्याच्या गाण्यांतली गाडीही महाग होत गेली, हे मलाही खुपतं. पण आजीच्या हाताखालचं वाढणं, चर्च, नाका, मित्र यांची ओल त्याच्या आवाजातून गेली नाही. आणि 2019 साली 'गली गँग' नावाची स्वतःची कंपनी काढून त्यानं मागच्यांना पुढं येण्यासाठी दार उघडून दिलं. झीलकऱ्यांचे शाहीर झाले ते असे.

दुसरा नेझी, आणि एकच गाणं निवडायचं झालं तर 'आफत' सगळ्यांच्या वर. तिसरा मवाली, कारण शाहिरीचा वारसा सांगणं सोपं असतं, तो पेलून दाखवणारा हा आहे. एमिवे चौथा. अल्ताफला मी पाचवा धरतो, पण त्याच्या हातात अजून वेळ आहे. अण्णा भाऊंना या यादीत बसवत नाही, कारण ही यादी ज्या जमिनीवर लिहिली आहे ती त्यांची आहे.

टपरीवर हा निकाल कुणालाच मान्य झाला नाही आणि तुम्हालाही होऊ नये. खोडायचा असेल तर खुशाल खोडा. अट एकच. आधी ही गाणी ऐका, नीट, कानाला लावून. घरातल्या पोराला आवाज कमी कर म्हणण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि त्याचा पहिला कोण ते विचारा.