पायरीवरचा रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावर पांढरं कापड दिसलं की मला अजून ती पायरी आठवते. पाच वर्षं झाली. मुलगा आता शाळेत जातो. तरी ती गोष्ट मनातून जात नाही.

माझं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. 1831 साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन पुढे शिरूरलाही पोचलं, तेव्हापासून माहेरी उपासनेचं वळण. रविवार चुकवायचा नाही, एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत. मी सांगते ती गोष्ट या दोन गावांतल्या कुठल्या मंडळीत घडली, की आणखी कुठे, ते सांगणार नाही. त्या माणसांशी मला भांडायचं नाही.

मुलगा आठ महिन्यांचा होता, वरचे दात येत होते. एप्रिलचं ऊन, पंखे फिरत होते पण वारा लागत नव्हता. पहिलं गीत होईपर्यंत तो टाळ्यांकडे बघत शांत होता. संदेश सुरू झाला आणि तो किरकिरू लागला. मी मागच्या बाकावर होते. पदराआड घेतलं, मांडीवर हलवलं, बोट चघळायला दिलं. तेवढ्यात मंडळीतले एक वडील उठून माझ्यापाशी आले. वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, जरा बाहेर घेऊन बसा. लोकांना ऐकू येत नाही."

ते रागावून बोलले असते तर मी कदाचित उलट बोलले असते. पण ते सौम्यपणे बोलले, म्हणून मला उठावंच लागलं. सगळ्या माना वळलेल्या. सासूबाई बायकांच्या रांगेत पुढे होत्या, त्यांनीही वळून पाहिलं आणि परत पुढे बघू लागल्या.

बाहेर चपलांच्या शेजारी, पायरीवर बसले. पायरी तापलेली होती, म्हणून पिशवीतलं दुपटं खाली घातलं. पाच मिनिटांत तो झोपला. मला वाटलं, आता आत जावं. पण उठले तर पुन्हा जागा होईल या भीतीने बसून राहिले. तेवढ्यात रस्त्यावरून वरात गेली, डीजे लावलेला. आतला संदेश थांबला. वरात लांब जाईपर्यंत पाळकसाहेब थांबले, मंडळी थांबली. त्या आवाजाला कोणी काही म्हणालं नाही. म्हणणार तरी कोण?

मग प्रभुभोजन सुरू झालं. वडील मंडळी तबकं घेऊन रांगांमधून फिरतात. आधी भाकरीचे तुकडे, मग द्राक्षरसाचे छोटे पेले. दाराच्या फटीतून मला तबक दिसत होतं. शेवटच्या बाकापर्यंत आलं. तबक धरलेला माणूस दारापासून दोन पावलांवर उभा होता. त्याने मला पाहिलं. मी मान वर केली, हातही थोडा पुढे केला. तो वळला. पेल्यांचा किणकिण आवाज पुढे पुढे गेला, मेजावर तबक ठेवलं, आणि दोघांनी चार टोकं धरून पांढरं कापड परत अंथरलं.

ते कापड अंथरताना मी पाहिलं, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाहेर पाठवलं त्याचं एवढं नाही. मी तिथेच आहे, हे माहीत असून मला वगळलं, त्याचं आहे.

आणि पाचच महिन्यांपूर्वी त्याच मंडळीने माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला उभं राहून वचन दिलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, या बाळाला प्रभूच्या मार्गात वाढवायला तुम्ही साहाय्य कराल का? सगळे म्हणाले, करू. ते वडीलही उभे होते. साहाय्य म्हणजे काय असतं? मी घरी येऊन मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला. लेकरांना आणणाऱ्यांना शिष्य दटावतात, आणि प्रभू शिष्यांवरच रागावतो. लेकरं तेव्हा गप्प होती असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

पुढचे तीन महिने मी गेलेच नाही. नवऱ्याने समजावलं, सासूबाईंनी बोलणं टाकलं. शेवटी मामेबहिणीसोबत केडगावला गेले. शिरूरहून न्हावरा, पारगाव करत चौफुल्याला आलो. दोन्ही बाजूंना ऊस. केडगाव दौंड तालुक्यातच, तरी मुक्ती मिशनमध्ये मी लहानपणानंतर गेले नव्हते. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळातल्या मुली आणून जिथे ठेवल्या, तीच जागा. 1900 च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार मुली-बाया होत्या. त्यांतल्या कितीजणींच्या कडेवर मूल असेल! तिथे किरकिरणाऱ्या लेकराला बाहेर न्यायचं म्हटलं असतं, तर आत किती उरल्या असत्या? स्वतः रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला, तेव्हा त्यांची मनोरमा अडीच वर्षांची होती, आणि तिचाही त्याच दिवशी झाला. नवरा गेलेला, परका देश, परकी भाषा, आणि सोबत अडीच वर्षांचं मूल. अडीच वर्षांचं मूल कधी गप्प बसतं का?

तिथल्या उपासनेत मी भिंतीला टेकून खाली बसले. मुलगा रडायला लागला, मी लगेच उठू लागले. शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला परत बसवलं, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बाळाच्या हातात दिला. पुढचा सगळा वेळ तो किल्ल्या वाजवत होता. खूप वाजवत होता. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. कोणाची मान वळली नाही.

म्हणून नव्या आयांना मी सांगते, मागच्या बाकावर बसू नका, पुढे बसा. मागून लेकराला फक्त पाठी दिसतात, मग ते रडणार नाही तर काय करेल? खायला द्यायचं तर कुरकुरीत पुडी नको, मऊ भाकरीचे तुकडे आणा. आणि मंडळ्यांनाही सांगते, वेगळी खोली बांधू नका, पुढे एक सतरंजी टाका. आपल्या नगर-शिरूरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी आहे. माझी आजी सांगायची, कीर्तनात पोरं बुवाच्या पायाशीच झोपायची.

हे सगळं मी मनापासून म्हणते. पण गेल्या महिन्यातलं सांगितलं नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील.

मला बाहेर बसायला सांगणाऱ्या मंडळीतल्या त्या वडिलांना कानाचं यंत्र आहे, हे मला मधल्या काळात कळलं. बारीक, तीव्र आवाज त्यात टोचतो म्हणे. कळलं, तरी राग गेला नाही. गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी माझे वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. मला त्या दिवशी शांतता हवी होती, फार हवी होती. आणि मागे एक बाळ रडायला लागलं. थांबेना. माझी मान वळली. बाळाला घेतलेल्या मुलीची नजर माझ्या नजरेला भिडली. ती विशीतली असेल, मंडळीत नवी.

तबक माझ्यापुढे आलं. मी भाकर घेतली, पेला घेतला, डोळे मिटले. उघडले तेव्हा मागचा बाक रिकामा होता. तबक पुढे निघून गेलं होतं. बाहेर एक बाई आहे, एवढं सांगायला मला तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही.

आशीर्वचन होताच बाहेर धावले. पायरीवर कोणी नव्हतं. एक छोटा लाल मोजा पडला होता. तो माझ्या पर्समध्ये आहे. दर रविवारी सोबत नेते. ती अजून आलेली नाही.