याचे किती पॉईंट?

तर झालं असं, की मागच्या वर्षी आम्ही घरात एक 'सिस्टीम' बसवली. सॉफ्टवेअरवाल्याचं घर, म्हणजे एक्सेल शीट आलीच! फ्रीजवर प्रिंटआऊट. झाडांना पाणी घातलं, २ पॉईंट. धाकट्या भावाला मदत केली, ५ पॉईंट. एक पॉईंट म्हणजे एक रुपया, हिशोब दर रविवारी. पोरांना पैशाची किंमत कळेल आणि चांगलं वागायची सवयही लागेल, असा माझा हुशार विचार.

महिनाभर मस्त चाललं. मग लक्षात आलं, की चिरंजीवांचा बॉल रोज हरवतोय आणि ताई तो रोज शोधून देतेय. लपवणारी कोण, हे सांगायला नकोच. टेस्टिंगमध्ये सुटलेला बग :)

मे महिन्यात गावी आईकडे गेलो. अंबड तालुक्यात आमची थोडी मोसंबी आहे (हो, २०१६ मध्ये जीआय मिळालेली तीच जालन्याची मोसंबी). उन्हाळ्यात पाण्याची बोंब, तरी आईच्या ओट्यावर येणाऱ्याजाणाऱ्यासाठी रांजण भरलेला असतो. भर दुपारी एक म्हातारबाबा टेकले. लेकीने पळत जाऊन तांब्या भरून दिला आणि आत येऊन विचारलं, "बाबा, याचे किती पॉईंट?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पाण्याचे पैसे घेतेत का माय?"

"पण मी मदत केली ना आजी!"

"त्याला तहान लागली, तू पाणी दिलं. झालं की."

संध्याकाळी याच आजीने तिला बागेत नेलं. गळालेली फळं वेचायची, टोपल्याला ५ रुपये. सहा टोपल्यांचे ३० रुपये मोजून हातावर ठेवले. सातवं अर्धवट होतं, त्याचे नाही दिले! कामाला दाम, पाण्याला नाही. इतका साधा फरक माझ्या शीटमध्ये नव्हता.

पुण्यात आल्यावर थोडं वाचलं. वार्नेकेन आणि टोमासेलो यांचा २००८ मधला प्रयोग आहे, २० महिन्यांच्या बाळांवरचा. मदतीबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती करत राहिली. म्हणजे मी विकत घेत होतो ते आधीच घरात होतं.

आता मदतीचा रकाना उडवलाय. पैसे फक्त जास्तीच्या कामाचे, आणि ते तीन डब्यांत: खर्च, साठवण, दुसऱ्यासाठी. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये १० वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा बँकांना दिली. लेक १० ची झाली की साठवणीचा डबा तिकडे.

खरं सांगू? पहिले पंधरा दिवस ताईने भावासाठी बोटही हलवलं नाही. मी जाम घाबरलो होतो. परवा मात्र बॉल खरंच सोफ्याखाली गेला. बाईसाहेब जमिनीवर आडव्या पडून झाडूच्या दांड्याने तो काढत होत्या. मी पेपरात डोकं घातलं आणि काही पाहिलंच नाही असं दाखवलं.