भिंतीत शिरणारं दार

कुक्षी, रविवार. भिंतीच्या पोटात सरकणारं आतल्या खोलीचं दार आज एकदाचं काढलं. पावसाळा आला की लाकूड फुगायचं, वरच्या रुळावरची चाकं अडायची; दार धड उघडायचं नाही की धड लागायचं नाही.

सुताराने चौकटीची एका बाजूची पट्टी अलगद उचकटली, खालचा गाईड सोडवला. दोघांनी दार उचलून खालच्या बाजूने तिरकं ओढलं, तेव्हा कुठे चाकं रुळातून सुटली. पोकळीत निघालं काय, तर बोटभर धूळ आणि मुलांनी सरकवलेली पत्त्यांची पानं.

अंगणात दार टेकवलं आणि आपल्याच तालुक्यातलं निसरपूर आठवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरलं आणि बुडिताचं पाणी गावात शिरलं. तिथेही लोकांनी दारं-चौकटी उतरवल्या, पण घर सोडण्यासाठी. आपली ती सोय, त्यांची ती पाठवणी. एकाच कामाला दोन अर्थ.

खोलीला आता पडदा पुरे. लाकूड उत्तम आहे, त्यामुळे दार भंगारात जाणार नाही. त्याचं कपाट होईल.