माथेरानच्या चढावर

दस्तुरी नाक्यापुढें माथेरानांत मोटारीस मज्जाव. म्हणून आम्हीं घोडा केला. चढावर तो वारंवार थांबूं लागला. घोडेवाला म्हणाला, “आळशी आहे, साहेब.” आम्ही खालीं उतरलों.

विसांव्याच्या वेळीं घोड्याचें हृदय मिनिटास सुमारें २८ ते ४४ ठोके देतें. भरधांव दौडींत ते २०० वर जातात. एवढ्या सामर्थ्यामुळेंच आंतील दुखणें पुष्कळ काळ दडून राहतें. उतारवयांत हृदयाच्या झडपा गळूं लागतात. थोराड घोड्यांत ठोक्यांची लय बिघडण्याचा संभव अधिक. कोंबड्यांच्या खाद्यांतील मोनेन्सिन पोटांत गेल्यास हृदयाचे स्नायूच नासतात. आळस दिसतो, तो कधीं आजारही असतो.

उरलेली वाट आम्ही लगाम धरून चाललों. भाडें पुरें दिलें, आणि घोडा जनावरांच्या डॉक्टरांस दाखवावा, एवढेंच विनविलें.