मे महिन्यातली अंडी खाऊन टाका

खुडूक कोंबडीच्या कामात माणसानं हात घालू नये, असं माझं ठाम मत होतं. टोपल्यात तणस टाकून द्यावं, तिनं हवी तेवढी अंडी घालावी, मनात आलं की बसावं. आई मात्र रोज अंडी उचलायची, टोपल्यात एकच ठेवायची आणि उन्हं तापली की कोंबडी बसवायचीच नाही. मला ते नुसतं जुनं वळण वाटे. आता वाटत नाही.

मत बदलायला लावलं ते आमच्या पोंभुर्ण्याच्या उन्हानं. अंडं बाहेर पडतं तेव्हा बलकावरचा जीव वाढीला लागलेलाच असतो. साधारण 21 अंशांखाली ती वाढ थांबते आणि कोंबडी बसली की पुन्हा सुरू होते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा खुराड्यातही ती थांबायची कशी? दहा-बारा अंडी घालायला कोंबडीला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पहिली अंडी अर्धवट वाढून मेलेली असतात आणि ही बिचारी 21 दिवस त्यांनाही ऊब देत बसते. निसर्गाचं म्हणाल, तर रानकोंबडी पाच-सहा अंड्यांवरच बसते. टोपलंभर अंड्यांची हौस माणसाची.

म्हणून आता रोज सकाळी अंडी उचलते. गार कोपऱ्यात, टोकाची बाजू खाली करून ठेवते. धुवत नाही, कवचावरचा पातळ थर गेला की जंतूंना वाट मोकळी होते. बसवायला आठवड्याच्या आतलीच अंडी घेते आणि त्यांवर कोळशाची खूण करते, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपल्यात येऊन घालून जातात. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडात लाल शिरा दिसल्या नाहीत, तर ते अंडं काढून टाकते. आठदहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवाच. तो नसेल तर हा सगळा खटाटोप फुकट.

गावरान मोडून नुसत्या सुधारित कोंबड्या पाळा, असा सल्लाही मिळतो. पण गिरिराज, वनराज सहसा खुडूक होत नाहीत. मशीन नसेल तर त्यांची अंडीही गावरानच्याच पोटाखाली सरकवावी लागतात.

अमावास्येला कोंबडी बसवू नये, हे आईचं म्हणणं मात्र मला अजून पटलेलं नाही.

तुमची कोंबडी थंडीत खुडूक झाली तर जरूर बसवा. मे महिन्यात झाली, तर अंडी खाऊन टाका.