ठाण्याच्या अलीकडे

मुलुंड नकाशावर शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. मध्य रेल्वेवर मुंबई महापालिकेची हद्द जिथे संपते तिथे मुलुंड, आणि त्यापुढे ठाणे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी याच वाटेने ठाण्याला गेली. तिच्या डाव्या हाताला डोंगर होते आणि उजव्या हाताला खाडी. डोंगर अजून जागेवर आहेत. मिठागरांची आठवण मात्र आता पूर्वेकडच्या मिठागर रस्त्याच्या नावात अधिक उरली आहे. पश्चिमेला सरळ आखलेल्या रस्त्यांची जुनी वस्ती, तिच्या मध्यभागी पाच रस्ता, आणि उत्तरेला मुंबईचा उंबरठा म्हणावा असा चेकनाका.

या उंबरठ्याची एक गंमत आहे. इथे वर्षानुवर्षे मालमोटारींच्या रांगा लागत आणि जकात भरल्याशिवाय कांद्याचे पोतेही मुंबईत शिरत नसे. २०१७ साली जकात गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात लहान मोटारींचा टोलही गेला. आता हद्द कुठे संपते हे पाटी वाचल्याशिवाय कळतही नाही. पण याच नाक्यापाशी एक दुसरी हद्द आहे. ती सरकारने आखलेली नाही, आणि म्हणून सरकारला ती पुसताही येत नाही.

नाका ओलांडून थोडे पुढे गेले की ठाण्याचे मनोरुग्णालय लागते. १९०१ साली सुरू झालेले हे इस्पितळ राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मुलुंडच्या आणि ठाण्याच्या पिढ्या या भिंतीच्या शेजारी वाढल्या. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद आपल्यापैकी कोणी केला नाही? वर्गात एखादा मुलगा खिडकीबाहेर बघत बसला की मास्तर हेच म्हणत, आणि सारा वर्ग हसे. पुण्याकडे हाच विनोद येरवड्याच्या नावाने चाले. विनोदाला तिकीट लागत नाही. पण ज्यांच्या घरातले माणूस खरोखर तिथे होते, ते त्या हसण्यात कसे सामील होत असतील, हे आपण कधी विचारले नाही.

मराठीचा मास्तर म्हणून मला या बाबतीत आपल्या भाषेचे नवल वाटते. गाण्याचे वेड, नाटकाचे वेड, विठ्ठलाचे पिसे हे सगळे आपल्याला भूषणाचे. 'वेड्या' असे आई लाडाने म्हणते, 'वेडे' असे प्रियकर म्हणतो. इतका प्रेमळ शब्द; पण घरातल्या माणसाला खरोखर काही झाले की तोच शब्द आपण दाराआड दडवतो. मग 'त्याची तब्येत जरा बरी नसते', 'ती हल्ली माहेरीच असते', अशी वाक्ये तयार होतात. मधुमेह झालेला माणूस लग्नाच्या पंगतीत आपली साखर किती ते मोठ्याने सांगतो. मनाच्या आजाराला मात्र आपण बोलण्यात जागा ठेवलेली नाही.

मिठागर रस्त्यालगतच्या एका इमारतीतली गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, आणि ती हवीत कशाला? तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ, त्यांची पत्नी आणि पंचविशीचा मुलगा. मुलगा हुशार, नोकरीला लागलेला. हळूहळू तो खोलीतच राहू लागला. शेजारचे लोक भिंतीतून आपल्याविषयी बोलतात, असे तो म्हणू लागला. आईवडिलांनी दोन वर्षे ही गोष्ट झाकली. एका रात्री त्याने गॅलरीतून भांडी खाली फेकली, आणि झाकलेले सारे अंगणात येऊन पडले.

इमारतीची सभा भरली. सभेत काय झाले असेल, याची कल्पना कोणत्याही सोसायटीच्या सभासदाला सहज करता येईल. 'आमच्या घरी लहान मुले आहेत,' असे एकाने म्हटले. 'पोलिसांना बोलवा,' दुसऱ्याने म्हटले. 'त्यांना जागा सोडायला सांगा,' तिसऱ्याने म्हटले, आणि बऱ्याच माना डोलल्या. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या एक काकू उठल्या. या बाईंची नोकरी रुग्णसेविका म्हणून झालेली. त्या म्हणाल्या, "भाऊ, जागा सोडून ते जातील कुठे? जिथे जातील तिथेही भिंती असतीलच की."

सभा तेवढ्यावरच संपली, कारण या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

काकू त्याच रात्री वर गेल्या. बरोबर कोणाला घेतले नाही, कारण घाबरलेल्या माणसाला गर्दी म्हणजे चढाईच वाटते. दारातून बाजूला उभ्या राहिल्या, म्हणजे त्याला बाहेर जायची वाट मोकळी दिसावी. आवाज खाली ठेवला. "तुला हे आवाज ऐकू येतात, म्हणजे फार भीती वाटत असेल, नाही रे?" इतकेच विचारले. आवाज खरे आहेत असेही म्हटले नाही, आणि खोटे आहेत म्हणून वादही घातला नाही. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो ऐकून त्याची आई दचकली. "बाळा, जीव द्यावा असे मनात येते का?" आपल्याकडे समजूत अशी, की असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात यायचा. या विषयातले जाणकार नेमके उलट सांगतात: विचारल्याने विचार पेरला जात नाही, कोंडलेला असेल तर बाहेर पडतो. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "येते कधी कधी." दोन वर्षांत त्याला हे कोणी विचारलेच नव्हते.

मग काकूंनी सुऱ्या आणि औषधांच्या बाटल्या उचलून ठेवायला सांगितल्या, त्याला रात्रभर एकटे ठेवायचे नाही असे बजावले, आणि १४४१६ हा क्रमांक फिरवला. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू असलेली ही सरकारी सेवा, नाव टेलिमानस. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालते, मराठीतून बोलता येते. आधी शिकलेला समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाशी गाठ घालून देतो. सकाळी मुलगा आईवडिलांबरोबर आपल्या पायांनी डॉक्टरांकडे गेला. औषधे सुरू झाली. पुढचे वर्ष काही सोपे गेले नाही. औषध मध्येच सोडले, पुन्हा भिंती बोलू लागल्या, पुन्हा काकू वर गेल्या. हल्ली तो एका दुकानाचा हिशेब लिहितो. सभेत माना डोलावणाऱ्यांपैकी दोघे-तिघे त्याच्याकडून आयकराचे कागद भरून घेतात.

कायदाही या काळात बराच चालून आला आहे. १९१२ चा कायदा 'वेड्यांचा' होता. रोग्याला कोंडून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. पुढे त्याची जागा १९८७ च्या दुसऱ्या कायद्याने घेतली, आणि २०१७ साली आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. रोग्याला साखळदंडाने बांधणे त्याने बंद केले. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा आजारी माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला कोठडीत न टाकता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचे आहे. जिवाला धोका असेल तर नोंदणीकृत डॉक्टरला बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात, आणि तेही इस्पितळाबाहेर, प्रसंगी रोग्याच्या घरी. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदा आता धरून चालतो, आणि त्याची काळजी घेणे सरकारवर सोपवतो. थोडक्यात, कायद्याने रोग्याला इस्पितळात ओढून नेण्याऐवजी इस्पितळाला रोग्याच्या दाराकडे चालायला सांगितले आहे.

हे चालणे काही माणसांनी कायद्याची वाट न पाहता आधीच सुरू केले होते. मुलुंडहून गाडीत बसा. पहिलेच स्टेशन ठाणे. तिथे १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली, आणि मनाचे आरोग्य हा विषय दवाखान्यातून उचलून सभागृहात, शाळेत आणि आईबापांच्या बैठकीत नेला. तीच लाइन पुढे कर्जतला जाते. तिथे डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे काम चालते. १९८८ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या मुळाशी एक दृश्य आहे: नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिणारा एक तरुण. या दांपत्याने त्याला उचलून आणले, उपचार केले, तेव्हा तो शिकलेला, घरदार असलेला निघाला. तेव्हापासून रस्त्यावरची हजारो माणसे बरी होऊन देशभरातल्या आपापल्या घरी पोचली. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण सर्वांत मोठा पुरस्कार कोणता, हे एखाद्या खेड्यात हरवलेला मुलगा दारात उभा पाहणाऱ्या आईला विचारावे.

मोठ्या माणसांची मोठी कामे वाचली की आपल्याला वाटते, हे आपल्याच्याने कुठले व्हायचे! पण काकूंनी संस्था काढली नव्हती. त्या दोन जिने चढल्या, एवढेच. डॉक्टर, कायदा, दूरध्वनी हे सगळे त्या दोन जिन्यांनंतर कामाला येतात. इस्पितळ नाक्यापलीकडे शंभरावर वर्षे उभे आहे. अडचण होते ती त्याच्या अलीकडे, आपल्याच इमारतीत, बंद दारापाशी.

दिवाळीत फराळाची ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. ही आपली जुनी रीत, आणि मुलुंडच्या इमारतींत ती अजून टिकून आहे. ताटे भरताना आपण घरे मोजतोच. यंदा मोजताना जे घर दोन वर्षे वगळले गेले असेल, तेही धरावे. चकल्या चार कमी पडल्या तरी चालतील. बेल वाजवून मात्र थोडा वेळ थांबावे. आतल्या माणसाला दारापर्यंत यायला कधी कधी वेळ लागतो.